व्हीगन म्हणजे वॅगन नव्हे

नमस्कार श्रोतेहो. माणूस काय मानतो, कसा राहतो, हे सांगणारे तीन-चार इंग्रजी शब्द आज ऐकू. पहिला, व्हीगन. पुन्हा ऐका, व्ही-गन. दोनदा सांगायला कारण आहे.

आमचे काका रेल्वेतून रिटायर झालेले, घर अजनीत. मागच्या हिवाळ्यात चुलतभावाची जर्मन मैत्रीण जेवायला आली. दारातच म्हणाली, ‘आय ॲम व्हीगन.’ काकांनी ऐकलं वॅगन! चेहरा खुलला. विचारते झाले, ‘लोडेड का एम्प्टी?’ तिला वाटलं, पोटाचं विचारताहेत. ‘एम्प्टी, व्हेरी एम्प्टी!’

काकू कढी घेऊन धावल्या. नको. तूप? नको. संत्रा बर्फी? खवा आहे, नको. शेवटी मधाची बाटली काढली, तोही नको. काकूंनी हात टेकले, ‘काय खाते बाप्पा मंग हे? उपास हाय का हिचा?’

मग निघाली ज्वारीची भाकर, जवसाची चटणी अन् वांग्याचं भरीत. आता भरीत म्हणजे निखाऱ्यावरचं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणू नये, हे मी रेडिओवर एकदा सांगून ठेवतो. पोरीनं तीन भाकरी हाणल्या. काकू म्हणाल्या, ‘हे तं आपलं वावरातलं जेवन. याले इंग्रजी नाव काऊन पाह्यजे?’

तर व्हेजिटेरियनला दूध-तूप चालतं, व्हीगनला दूध, तूप, मध काहीच नाही. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी व्हेजिटेरियन शब्दाचंच डोकं अन् शेपूट जोडून हा शब्द केला.

दुसरा, टीटोटलर. दारूला न शिवणारा. काका दिवसाला सात चहा पितात म्हणून स्वतःला टीटोटलर म्हणवतात. चहाचा इथे काही संबंध नाही. टोटलमधला टी जोर द्यायला पुढे आणखी एकदा लावलाय, बस.

आता एथिस्ट आणि अ‍ॅग्नॉस्टिक. एथिस्ट म्हणतो, देव नाही. अ‍ॅग्नॉस्टिक म्हणतो, आहे का नाही ते कळायला मार्ग नाही. हा दुसरा शब्द थॉमस हक्सले यांनी १८६९ मध्ये काढला. काका दोन्हीत बसत नाहीत, शनिवारी तेलंगखेडीच्या हनुमानाला त्यांचा नारळ ठरलेला.

आणि व्हीगनचं म्हणाल, तर आता पाहुणा आला की काका दारातच विचारतात, ‘व्हेज, नॉनव्हेज का मालगाडी?’