नसलेल्या पक्षाला पडणारी मतं

श्रोतेहो, नमस्कार.

जपानच्या निवडणुकीची बातमी आपल्यापर्यंत येते ती पंतप्रधान कोण झाला नि कोण पायउतार झाला, एवढीच. मतदान केंद्रात मतदार काय करतो ते कुणी सांगत नाही, आणि तिथलं राजकारण कळायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी. जपानमध्ये संसदेच्या निवडणुकीत मतदार शिक्का मारत नाही, बटण दाबत नाही. तो पेन्सिल उचलतो आणि कोऱ्या चौकटीत उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहितो. पुन्हा सांगतो, कारण हे पटकन खरं वाटत नाही: मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं छापलेली नसतात, चिन्ह तर नसतंच. नाव लिहायचं ते मतदारानेच. आणि त्यातूनच एका संपलेल्या पक्षाला लाखो मतं कशी पडली, ते आज सांगतो.

केंद्र सकाळी ७ वाजता उघडतं. रांगेतल्या पहिल्या मतदाराला पेटी उघडून दाखवतात, ती रिकामी आहे याची तो खात्री करतो, मगच कुलूप लागतं. संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची निवडणूक असेल तर तीन मतपत्रिका मिळतात. पहिलीवर आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराचं नाव लिहायचं; असे मतदारसंघ २८९. दुसरीवर पक्षाचं नाव लिहायचं. देशाचे ११ विभाग केलेत आणि त्यांतल्या १७६ जागा पक्षांना मतांच्या प्रमाणात मिळतात. तिसरी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची. तिच्यावर नावं छापलेली असतात, नको असलेल्या नावावर फुली मारायची.

कागदही साधा नाही. ‘यूपो’ नावाचा हा पॉलिप्रॉपिलीनचा कागद घडी घालून पेटीत टाकला की आत आपोआप उलगडतो. त्यामुळे मोजणीच्या टेबलावर घड्या उघडत बसावं लागत नाही. शाई मात्र त्यात मुरत नाही, फिसकटते आणि घडीच्या दुसऱ्या बाजूला उमटते. म्हणून पेन्सिल.

नावापुढे ‘सान’ किंवा ‘सेन्सेई’, म्हणजे आपलं ‘राव’ किंवा ‘गुरुजी’, असं आदराने लिहिलं तर चालतं. हुद्दा, पत्ता लिहिला तरी चालतं. पण ‘गंबारे’, म्हणजे जोर लावा, असं प्रेमाने लिहिलं किंवा बाजूला बदाम काढला, की मत बाद! अक्षर चुकलं तरी रोख कुणाकडे आहे ते कळत असेल, तर मत धरतात. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी केंद्रातले दोन कर्मचारी नेमतात. एक लिहितो, दुसरा बरोबर लिहिलंय ना ते पाहतो.

मत हाताने लिहायचं, म्हणून सगळा प्रचार नावाभोवती फिरतो. अवघड चित्रलिपीतलं नाव असलेले उमेदवार ते हिरागाना या सोप्या उच्चारलिपीत नोंदवतात. आपले योगेंद्र पुराणिक एप्रिल २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा वॉर्डाच्या परिषदेवर ६,४७७ मतं घेऊन निवडून आले, ते ‘योगि’ या नावाने. हिरागानातली दोन अक्षरं. मतदाराच्या हाताला याहून सोपं काय असणार?

आणि त्या प्रचाराच्या गाड्या! कनिष्ठ सभागृहाचा प्रचार १२ दिवसांचा, सकाळी ८ ते रात्री ८. चालत्या गाडीवरून भाषण करायला कायद्याने मनाई आहे, नावाचा पुकारा मात्र चालतो. मग दिवसभर पांढरे हातमोजे हलवत नाव, नाव आणि नाव. इथे माझं मत सांगतोच. दारोदार जाऊन मत मागायला तिथे १९२५ पासून बंदी आहे. मतं विकत घेतली जातील, ही त्यामागची भीती. ही बंदी कधीच उठायला हवी होती. उंबऱ्याशी उभं राहून मतदाराच्या दोन प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही आणि कर्ण्यावरून नाव मात्र शंभरदा ऐकवायचं, यात मतदाराचा मान कुठे राहिला? याचा फायदा कुणाला होतो तेही उघड आहे. योकोसुका शहरात कोइझुमी या राजकारणी घराण्याचं आडनाव चार पिढ्या लोकांच्या हातात बसलंय: माताजिरो, जुन्या, जुन्इचिरो, शिन्जिरो. नवख्याने बारा दिवसांत काय करायचं?

असो. आता मुख्य गोष्ट.

‘मिन्शुतो’, म्हणजे लोकशाही पक्ष, नावाचा एक पक्ष होता. २००९ मध्ये त्याने ३०८ जागा जिंकून सत्ता घेतली. २०१२ मध्ये तो ५७ जागांवर आला. मार्च २०१६ मध्ये दुसऱ्या एका पक्षाशी विलीन होताना त्याने हे नावच सोडलं. मिन्शुतो संपला. पुढे २०१७ च्या शरदात त्या नव्या पक्षाचेही तुकडे झाले. त्यातल्या एदानो युकिओ या नेत्याने ‘रिक्केन मिन्शुतो’ काढला. २०१८ मध्ये उरलेल्यांतून ‘कोकुमिन मिन्शुतो’ निघाला. सप्टेंबर २०२० मध्ये कोकुमिनमधले बहुतेक जण रिक्केनमध्ये गेले. जे गेले नाहीत त्यांनी तामाकी युइचिरो यांच्या नेतृत्वाखाली कोकुमिन हेच नाव पुढे चालवलं. म्हणजे एका घरातून निघालेले दोन पक्ष, आणि दोघांच्याही नावाच्या शेवटी ‘मिन्शुतो’.

आता ३१ ऑक्टोबर २०२१ ची निवडणूक. दुसऱ्या मतपत्रिकेसाठी पक्षाला पूर्ण नावाबरोबर एक संक्षिप्त नावही नोंदवता येतं. रिक्केनने नोंदवलं ‘मिन्शुतो’. कोकुमिननेही नोंदवलं ‘मिन्शुतो’. दोन्ही स्वीकारली गेली! मतदार लिहायला उभा राहतो तिथे समोर पक्षांची यादी लावलेली असते. त्या यादीत दोन वेगळ्या पक्षांपुढे एकच संक्षिप्त नाव. पूर्ण नाव लिहायला पाच चित्राक्षरं, मिन्शुतोला तीन, आणि वर्षानुवर्षांची सवय. लाखो लोकांनी ‘मिन्शुतो’ लिहिलं. पाच वर्षांपूर्वी संपलेल्या पक्षाला लाखो मतं.

ही मतं बाद होत नाहीत, वाटली जातात. कसं ते आकड्यांत ऐका. समजा एका गावात सातो आडनावाचे दोन उमेदवार आहेत. पूर्ण नाव स्पष्ट लिहिलेली मतं पहिल्याला ३,०००, दुसऱ्याला २,०००. आणि ७ मतपत्रिकांवर नुसतं ‘सातो’. ती सात मतं तीनास दोन या प्रमाणात वाटायची. पहिल्याला ४.२, दुसऱ्याला २.८. निकाल लागतो ३,००४.२ आणि २,००२.८. हो, मतांचा अपूर्णांक. जपानी निकालपत्रकात दशांशाची तीन स्थळं दिसतात ती यामुळेच. पक्षांचंही असंच. जिथे मोजणी होते तिथल्या स्पष्ट मतांच्या प्रमाणात ‘मिन्शुतो’ची मतं दोघांत वाटली जातात.

इथेच खरा घोटाळा आहे. २०२१ मध्ये देशभरात रिक्केनला साधारण १ कोटी १५ लाख मतं होती, कोकुमिनला २६ लाख. ढोबळ हिशेबाने ‘मिन्शुतो’च्या दर १०० मतांतली ८२ रिक्केनला गेली, १८ कोकुमिनला. २०२२ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत तेच नाव, वाटणीची तीच पद्धत. २०२४ मध्येही दोघांनी तेच नाव नोंदवलं, पण तोवर कोकुमिनची मतं ६२ लाखांच्या घरात गेली होती आणि रिक्केन जवळपास तिथेच होता. वाटणी झाली ६५ आणि ३५. लक्षात घ्या, मतदाराने लिहिलं तेच. तीच तीन अक्षरं, तीच पेन्सिल. मताचे वाटेकरी मात्र इतर मतदारांनी ठरवले. २०२१ मध्ये तामाकींच्या पक्षाला मत द्यायला गेलेल्या माणसाने ‘मिन्शुतो’ लिहिलं, तर त्याच्या मताचे साधारण चार-पंचमांश प्रतिस्पर्ध्याला गेले, आणि त्याला ते कधी कळणारही नाही.

मग दोघांपैकी एकाने हे नाव सोडून का दिलं नाही? कारण जो सोडेल त्याच्या वाट्याची सगळी मतं दुसऱ्याला जातील. म्हणून दोघेही धरून बसले, आणि किंमत मतदाराने मोजली. याचा मला मनापासून राग येतो. ज्या माणसाने वेळ काढून, रांगेत उभं राहून, हाताने काही लिहिलं, त्याचं मत कुणाला जाणार हे त्याला लिहिण्याआधी कळायलाच हवं.

उपाय कठीण नाही. न्यायाधीशांच्या मतपत्रिकेवर नावं छापता येतात, तर पक्षांचीही येतील. १९९४ मध्ये कनिष्ठ सभागृहासाठी छापील नावांवर खूण करण्याची पद्धत कायद्यात आलीही होती. १९९५ च्या डिसेंबरमध्ये, तिच्यावर एकही निवडणूक होण्याआधी, संसदेने ती रद्द केली आणि पुन्हा हाताने लिहिणं आणलं. रद्द करणारे खासदार सगळे हाताने लिहिलेल्या मतांवर निवडून आलेले होते.

नमस्कार.