मोर्चा आणि टपरीवरचा माणूस

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या भागातल्या एखाद्या जुन्या माणसापुढे ‘प्रतिसरकार’ म्हणून बघा. तो जरा थांबेल. ‘पत्री सरकार’ म्हणा, लगेच ओळख पटेल आणि पाठोपाठ वाक्य येईल, “पायाला पत्र्या ठोकायचे ते!” क्रांतिसिंह नाना पाटलांच्या त्या सरकारनं तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीचाही बराच भाग त्यात धरून, गावोगाव न्यायनिवाडे केले, जमिनीचे तंटे मिटवले, कर्ज न काढता थोडक्या खर्चात लग्नं लावून दिली. ते सगळं मागं पडलं आणि पत्र्या तेवढ्या उरल्या. दरोडेखोरांना आणि खबऱ्यांना तळपायांवर मार दिला जाई. लोकांच्या बोलण्यात त्याच्या पत्र्या झाल्या. ‘प्रति’मधल्या र नं शेजारच्या अक्षरावर उडी मारली आणि एका चळवळीचं नावच बदललं.

ती चळवळ काही निव्वळ अहिंसक नव्हती, हेही सांगायला हवं. पण तिच्या आधी, १९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, याच जिल्ह्यातून कचेऱ्यांवर मोर्चे गेले ते रिकाम्या हातांनी. ३ सप्टेंबरला तासगावात मामलेदारालाच गांधी टोपी घालावी लागली. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला आणि हातात तिरंगा धरलेले परशुराम घार्गे कोसळले. आज मला बोलायचंय ते अशा रिकाम्या हातांच्या माणसांबद्दल. ती लोकांना कशी दिसतात आणि त्या दिसण्याची काळजी त्यांनी किती करावी, याबद्दल.

आधी माझीच एक फजिती सांगतो. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका दुष्काळी तालुक्यात आम्ही पाण्यासाठी मोर्चा नेला होता. दोनेकशे बायका सकाळपासून घागरी घेऊन कचेरीसमोर उन्हात बसलेल्या. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मग आमच्यातलाच एक जण म्हणाला, टायर पेटवल्याशिवाय बातमी येत नाही. पेटवला. मीही अडवलं नाही, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो काळ्या धुराचा. बायका नाहीत, घागरी नाहीत, पाण्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर गेलो, तर टपरीवाला म्हणतो, “पाणी मागाय आलतासा व्हय? मला वाटलं भांडणं झाली.”

त्याचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मोर्चा काढणारा आपली बाजू जाणून असतो. कचेरीत बसलेला साहेबही आपली बाजू जाणून असतो. पण हातात ग्लास घेऊन बघत उभा राहिलेला तिसरा माणूस अजून कुणाचाच नसतो. संध्याकाळी घरी जाऊन तो काय सांगणार, यावर बरंच काही ठरतं. आमच्या बाबतीत त्यानं भांडण सांगितलं.

गांधीजींना हा तिसरा माणूस फार नीट कळला होता. दांडीला जायचं तर मीठ एका रात्रीत रेल्वेनंही गाठता आलं असतं. ते २४ दिवस चालत गेले. गावागावांतल्या लोकांना बघायला, बोलायला, शंका काढायला वेळ मिळाला. पुढं २१ मे १९३० ला धारासना इथं स्वयंसेवकांच्या रांगा मिठागराकडं चालत गेल्या आणि पोलिसांच्या लाठ्या खाऊन पडत राहिल्या. वार चुकवायला कुणी हातसुद्धा वर केला नाही. तिथं वेब मिलर नावाचा अमेरिकन बातमीदार उभा होता. त्याची बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत गेली. तो काँग्रेसचा माणूस नव्हता, म्हणूनच त्याच्या लिहिण्याला वजन आलं. एक जरी दगड भिरकावला गेला असता, तर त्याच बातमीत ‘चकमक’ हा शब्द आला असता.

आता कुणी म्हणेल, म्हणजे हे सगळं दाखवण्यासाठीच का? मला तसं वाटत नाही. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकरी चालत मुंबईला आले, ते आठवा. शहराच्या तोंडाशी येऊन मुक्काम पडला होता. सकाळी दहावीचा पेपर होता. दिवसा रस्ते अडले तर पोरांचे हाल होतील, म्हणून हजारो माणसं दिवसभराची तंगडतोड झालेली असताना रात्रीच पुन्हा उठली आणि आझाद मैदानाकडं चालू लागली. फुटलेल्या टाचांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. पण मुंबईकर पाणी आणि बिस्किटं घेऊन रस्त्यावर उभा राहिला, त्यात त्या रात्रीच्या चालण्याचा मोठा वाटा होता. प्रतिमेचा विचार त्यात असेलही. मात्र टाचा खऱ्या होत्या.

आपल्याकडचं याहून जवळचं उदाहरण येरळेच्या काठावर आहे. खानापूर तालुक्यातलं बळीराजा धरण. ठेकेदार वाळू उपसून नेत होते, नदी कोरडी, विहिरी कोरड्या. ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतल्या लोकांनी उपशाला विरोध केला. असा विरोध केला की ‘विकासाच्या आड येणारे’ हा शिक्का ठरलेलाच. या लोकांनी काय करावं? त्यातलीच थोडी वाळू आम्हाला विकू द्या, त्या पैशातून आम्ही धरण बांधतो, अशी मागणी केली. परवानगीसाठी भांडले, श्रमदान केलं, बाहेरगावचे विद्यार्थी घाम गाळून गेले आणि बंधारा उभा राहिला. पाणी वाटायचं ते भूमिहीनांनाही समान. दगड-सिमेंटचा बंधारा समोर दिसत असताना ‘आडवे येणारे’ कोण म्हणणार?

शिक्क्यांचा त्रास साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी जन्मभर काढला. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम म्हणजे देवाधर्माला विरोध, हे वाक्य त्यांच्या आधी सभेच्या गावात पोचलेलं असायचं. आमचा विरोध शोषणाला आहे, हे मग त्यांनी न चिडता पहिल्यापासून सांगायचं. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि ज्या कायद्यासाठी ते झटले तो त्याच वर्षी आला. त्या कायद्याच्या लांबलचक नावात नरबळी आहे, अघोरी प्रथा आहे, जादूटोणा आहे; ‘अंधश्रद्धा’ हा शब्द मात्र नाही. शब्द सोडला, काम पदरात पडलं. मला हा सौदा वाईट वाटत नाही.

पण प्रत्येक सौदा असा स्वस्तात पडत नाही. अमेरिकेत माँटगोमेरी शहरात गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स आपल्याला ठाऊक आहेत. ती तारीख १ डिसेंबर १९५५. त्याच्या नऊ महिने आधी, त्याच शहरात, क्लॉडेट कॉल्व्हिन नावाच्या १५ वर्षांच्या काळ्या मुलीनं हेच केलं होतं. तिलाही अटक झाली. पण ती लहान, तापट, गरीब वस्तीतली. पुढं लग्नाआधीच तिला दिवस गेले. पुढाऱ्यांनी ठरवलं, हा चेहरा चालायचा नाही. शांत, प्रौढ, सगळ्यांच्या आदरातल्या रोझाबाईंचा चेहरा पुढं आला. आणि ज्या खटल्यामुळं १९५६ मध्ये तिथल्या बसमधला भेदभाव बेकायदा ठरला, त्यात फिर्यादी म्हणून नाव होतं क्लॉडेटचं, रोझाबाईंचं नव्हे.

डावपेच म्हणून ते बरोबर असेल. मला मात्र ही गोष्ट टोचते. कारण आपल्या मोर्च्यांतही पहिल्या रांगेत कोण आणि मागं कोण, हे कसं ठरतं ते मी पाहिलंय. ‘चांगलं दिसायला हवं’ म्हणता म्हणता फाटक्या लुगड्यातली, रानात राबणारी, जिच्या घरी खरोखर पाणी नाही ती बाई मागं सरकते आणि माईक इस्त्रीच्या कपड्यांकडं जातो.

२०१६ चे मराठा मूक मोर्चे सांगलीनं आणि साताऱ्यानंही पाहिले. मागण्यांवर मतं वेगवेगळी असतील, मी फक्त रीत सांगतोय. घोषणा नाही, पुढं मुली, पुढारी शेवटी, आणि मोर्चा गेला की स्वयंसेवक मागं पडलेल्या पाण्याच्या बाटल्या गोळा करताहेत. बघणारे थक्क झाले. पण मौनाचीही एक अडचण असते. आपण बोललो नाही, की ज्याला जे ऐकायचंय ते तो ऐकतो. कुणाला त्यात कोपर्डीच्या मुलीसाठीचं दुःख ऐकू आलं, कुणाला आरक्षण, आणि अॅट्रॉसिटी कायद्याच्या आधारानं जगणाऱ्या माणसाला त्याच शांततेत धमकी ऐकू आली. तोही टपरीवर उभा होताच की.

आमच्या त्या तालुक्यात पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मोर्चा गेला. टायर नाही. बायकांनी कचेरीच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना रिकाम्या घागरी मांडल्या, प्रत्येकीवर चुन्यानं गावाचं नाव. माईकवर कुणी बोलायचं हेही त्यांनीच ठरवलं. माझा नंबर लागला नाही. टपरीवाल्यानं घागरींना जागा व्हावी म्हणून आपलं बाकडं आत ओढून घेतलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला कुठलं गाव किती लांबून पाणी आणतं ते सांगत बसला. चहाचे पैसे मात्र त्यानं आमच्याकडून रोख घेतले.

नमस्कार.