खर्च कमी झाला, काम गेलं कुठे?

[दृश्य: पलंगावर आजारी वृद्धा, उशाशी मुलगी]

सरकारने खर्चाला कात्री लावली. रुग्णालयात खाटा कमी, नर्स कमी, म्हणून आईला लवकर घरी पाठवलंय. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवावं लागतं. चादर बदलायची, औषधं द्यायची, रात्री हाक आली की उठायचं. त्यासाठी लेकीने नोकरी अर्ध्या वेळेची करून घेतली. रुग्णालयाचा खर्च वाचल्याची नोंद सरकारदरबारी होते. तिच्या बुडालेल्या पगाराची कुठेच होत नाही.

स्त्रीवादी अर्थतज्ज्ञ नेमकं इथेच बोट ठेवतात. पाळणाघरं बंद करा, आरोग्यसेवा आखडती घ्या. लहान मुलं आणि आजारी माणसं असतातच. पगारी माणसांचं काम मग बिनपगारी बायकांच्या अंगावर पडतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगात रोज १,६४० कोटी तास असं बिनपगारी काम होतं. त्यातलं तीन चतुर्थांशांहून जास्त बायका करतात.

[दृश्य: बांधकाम चालू असलेली इमारत, मग भरलेला वर्ग]

हिशेबाची पद्धतही तपासायला हवी. शाळेची इमारत बांधली की ती गुंतवणूक. आत शिकवणाऱ्या बाईंचा पगार मात्र चालू खर्च. गुंतवणुकीसाठी कर्ज काढायला हरकत नसते, कपातीची कुऱ्हाड पगारावर पडते. भिंती उभ्या राहतात आणि माणसं कमी होतात. याला काटकसर कसं म्हणायचं?

ब्रिटनमध्ये २०१० पासून कपातींचा सपाटा सुरू झाला. सरकारी अंदाजपत्रक बायकांच्या नजरेतून तपासणाऱ्या तिथल्या ‘विमेन्स बजेट ग्रुप’च्या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला: राष्ट्रीय उत्पन्नाचे २ टक्के बांधकामात घातले, तर ब्रिटनमध्ये सुमारे साडेसात लाख रोजगार, तेवढेच पैसे बालसंगोपन आणि वृद्धांच्या देखभालीत घातले, तर सुमारे १५ लाख. शिवाय पगार मिळाला की माणसं खरेदी करतात, कर भरतात, आणि खर्चातला काही भाग तिजोरीत परत येतो.

[दृश्य: बोगोटा, कोलंबिया]

उरुग्वेने २०१५ मध्ये देखभालीची राष्ट्रीय व्यवस्था कायद्याने उभी केली. बोगोटा शहरात २०२० पासून देखभाल केंद्रं सुरू झाली. घरची मुलं, म्हातारी माणसं तिथे सांभाळली जातात आणि त्या वेळात बाई राहिलेलं शिक्षण पूर्ण करू शकते, कपडे तिथल्या यंत्रात धुऊन घेऊ शकते.

पण एवढ्यावर भागणार नाही. सांभाळणाऱ्या बाईला तुटपुंजं मानधन दिलं, तर एका बाईचं ओझं दुसरीच्या डोक्यावर गेलं, इतकंच. तिला पूर्ण पगार, भरपगारी रजा आणि निवृत्तिवेतन हवं, आणि त्याची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात हवी.