चष्म्यावरचा चरा

(दृश्य : दिव्यासमोर तिरका धरलेला चष्मा. भिंग हळूहळू फिरतं. आधी हिरवट झाक, मग मध्येच एक पांढरी रेघ चमकते.)

कालपर्यंत ही रेघ नव्हती. निदान दिसली तरी नव्हती. नख फिरवलं तर लागत नाही, पुसली तर जात नाही. पण रात्री समोरून गाडी आली की तिचा दिवा नेमका या रेघेवर फुटतो आणि अर्धा रस्ता झाकोळतो. चष्मा वापरणाऱ्याला हिची ओळख करून द्यावी लागत नाही.

रेघ दिसली की दोन प्रश्न उभे राहतात. ही घालवता येईल का? आणि नाही गेली, तर पुन्हा सगळा खर्च करायचा का?

पहिल्याचं उत्तर आत्ताच देऊन टाकू : घालवता येत नाही. दुसऱ्याचं उत्तर त्या मानाने बरंच चांगलं आहे. मात्र त्यासाठी चष्म्याच्या बिलात आपण कशाकशाचे पैसे मोजतो, हे ठाऊक हवं. त्याची सुरुवात भिंगाच्या पृष्ठभागापासून करू.

(दृश्य : भिंगाच्या कडेचं खूप मोठं केलेलं चित्र. थर एकेक करून सुटे होतात.)

आजची बहुतेक भिंगं प्लास्टिकची असतात. १९४० मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग प्लेट ग्लास या कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी एक रेझिन तयार केलं. ‘कोलंबिया रेझिन’ या मालिकेतलं ते एकोणचाळिसावं, म्हणून त्याचं नाव सीआर-३९. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांच्या इंधनटाक्या हलक्या करायला ते वापरलं गेलं. युद्ध संपलं आणि १९४७ मध्ये कॅलिफोर्नियात त्याची चष्म्याची भिंगं होऊ लागली. काचेच्या जवळपास निम्मं वजन, आणि पडलं तरी सहसा फुटत नाही. दिवसभर नाकावर ओझं वागवणाऱ्यांनी ते उचलून धरलं यात नवल नाही. पुढे पॉलिकार्बोनेट आलं. ते इतकं चिवट, की लहान मुलांच्या आणि कारखान्यातल्या कामगारांच्या चष्म्यासाठी आवर्जून तेच सुचवतात.

पण दोन्ही मऊ. आपल्याभोवतीच्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूचे, बारीक कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोस मापावर क्वार्ट्झ सातव्या पायरीवर आहे, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. प्लास्टिक त्याहून पुष्कळ खाली, आणि पॉलिकार्बोनेट तर सीआर-३९पेक्षाही मऊ. शर्टाच्या टोकाने कोरडा चष्मा पुसला की ही वाळू भिंगावर घासली जाते.

म्हणून प्लास्टिकवर आधी एक कठीण लेप चढवतात : हार्ड कोट. सिलिकॉनयुक्त वार्निशमध्ये भिंग बुडवून काढायचं आणि उष्णता देऊन तो थर पक्का करायचा. जाडी साधारण २ ते ५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तेवढे हजारावे भाग. त्याच्यावर बसतो अँटी-ग्लेअर, म्हणजे भिंगावरून उजेड परतू न देणारा लेप, आणि खरी गंमत त्याच्यात आहे.

साध्या भिंगाच्या प्रत्येक बाजूवरून सुमारे ४ टक्के उजेड माघारी फिरतो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ८ टक्के. मोठ्या नंबरांसाठी जी पातळ, ‘हाय इंडेक्स’ भिंगं देतात, त्यांच्यावरून याहूनही जास्त. १८८६ मध्ये लॉर्ड रॅले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की हवेने डागाळलेल्या जुन्या काचेतून नव्या काचेपेक्षा जास्त उजेड पार होतो. डागाचा तो पातळ थरच उजेडाला मदत करत होता! १९३५ मध्ये झाइस कंपनीत काम करणाऱ्या ओलेक्सांडर स्माकुला यांनी असा थर मुद्दाम चढवायची रीत शोधली. सुरुवातीला ती लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवली गेली. थर इतका पातळ, की त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना मारून टाकतात. आज चष्म्याच्या भिंगावर असे अनेक थर देतात. निर्वात पेटीत सिलिकॉन, टायटॅनियम, झिर्कोनियम यांच्या ऑक्साइडांची वाफ करून ती भिंगावर बसवायची. हे सगळे थर मिळून जाडी केसाच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकी. वर आणखी एक निसरडा पदर, बोटांचं तेल आणि पाणी चिकटू नये म्हणून. भिंग तिरकं धरल्यावर हिरवी किंवा जांभळी झाक दिसते, तो एवढं करूनही माघारी फिरलेला थोडासा उजेड.

(दृश्य : दोन भिंगं शेजारी शेजारी, एक साधं, एक अँटी-ग्लेअर. दोन्हींवर सारखाच चरा.)

आता एक विचित्र गोष्ट. अँटी-ग्लेअर जितकं चांगलं, तितका चरा उठून दिसतो. आजूबाजूचा पृष्ठभाग एक टक्कासुद्धा उजेड परतवत नाही. जिथे थर निघाला, तिथे मात्र जुने ४ टक्के परततात, शिवाय रेघेच्या खडबडीत कडांवर उजेड विखुरतो तो वेगळाच. ‘पूर्वीच्या साध्या चष्म्याला इतके चरे पडत नव्हते’ ही तक्रार सगळ्या दुकानांत ऐकू येते. चरे तेव्हाही पडत होते, नजरेत भरत नव्हते.

आणि काही वेळा तो चरा नसतोच. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतात, जणू भिंग आतून तडकलंय. हे घासण्याने होत नाही, उष्णतेने होतं. तापलं की प्लास्टिक भरपूर प्रसरण पावतं, वरचे ऑक्साइडचे थर जेमतेम. खालचा ताणतो आणि वरचा फाटतो. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला चष्मा, कढत पाण्याने धुतलेला चष्मा, केस वाळवायच्या यंत्रासमोर धरलेला चष्मा, भट्टीचं दार उघडताना नाकावर असलेला चष्मा : कारण यांपैकीच एखादं निघतं. भेगा सगळ्या भिंगभर असतील आणि चष्मा नवाच असेल, तर लेप नीट बसला नसण्याचीही शक्यता असते. तेव्हा दुकानदाराकडे वॉरंटी मागायला लाजू नका. चांगल्या कोटिंगवर बहुधा एक-दोन वर्षांची वॉरंटी असते आणि ती बिलाच्या मागे छापलेली राहून जाते.

(दृश्य : टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, गाडीचं पॉलिश, नेलपेंट काढायचं द्रव. ओळीने मांडलेले.)

घरगुती उपायांच्या या रांगेतली पहिली मानकरी टूथपेस्ट. दात घासले जावेत म्हणून तिच्यात सिलिका किंवा खडूचे कण असतात. भिंगावर घासली की रेघेच्या कडा बोथट होतात आणि क्षणभर वाटतं, जमलं! प्रत्यक्षात रेघेभोवतीचा अँटी-ग्लेअर निघालेला असतो. एका बारीक रेघेच्या जागी नखाएवढा धुरकट डाग येतो, आणि तोही नेमका बुबुळासमोर. सोड्याची गत तीच. गाडीचं पॉलिश किंवा मेण रेघेत भरून बसतं, एखादा दिवस रेघ लपते, पुढच्या पुसण्यात उघडी पडते. नेलपेंट काढायच्या द्रवात ॲसिटोन असतं. ते पॉलिकार्बोनेट खाऊन टाकतं. खिडक्या पुसायच्या फवाऱ्यात अमोनिया असेल, तर तो अँटी-ग्लेअरचा शत्रू.

सगळ्यात धोक्याचा उपाय म्हणजे काच कोरायची क्रीम लावून उरलेलं कोटिंगच उतरवून टाकणं. उतरतं, हे खरं. पण अशा क्रीममध्ये फ्लोराइडची दाहक संयुगं असतात. ती कातडीतून आत शिरतात आणि वेदना पुष्कळदा उशिरा सुरू होतात, तोवर इजा झालेली असते. चेहऱ्यावर घालायच्या वस्तूवर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर हा उद्योग करू नये, एवढंच मी म्हणेन. कोटिंग उतरवायची द्रावणं काही चष्मेवाल्यांकडेही असतात. भिंग टाकायचंच ठरलं असेल, तर त्यांच्याकडून करून बघायला हरकत नाही. पण खालचा हार्ड कोटही त्यासोबत जाऊ शकतो, आणि मग ते भिंग महिनाभर टिकलं तरी पुष्कळ.

दुकानात पॉलिश करून मिळेल का, असंही लोक विचारतात. भिंगाचा नंबर त्याच्या वळणात असतो. पृष्ठभाग घासला की वळण बदललं, आणि एकाच जागी घासला तर तेवढ्याच जागी बदललं. नवा लेप द्यायला निर्वात पेटी लागते, आणि एका जुन्या भिंगासाठी ती कोणी चालू करत नाही.

मग चऱ्यांसकट वापरला तर डोळे बिघडतील? नाही. नंबरही वाढत नाही. उजेड विखुरल्याने चकाकी वाढते, रात्री गाडी चालवताना त्रास होतो, काहींचं डोकं दुखतं. चरा कडेला असेल तर खुशाल वापरा. बुबुळासमोर असेल तर भिंग बदला. आणि चरा खोल असेल तर भिंगाची मार सोसायची ताकद कमी होते, म्हणून मुलांच्या आणि कामावरच्या चष्म्यात तो चालवून घेऊ नये.

(दृश्य : नळाखाली धुतला जाणारा चष्मा.)

नव्या भिंगाची निगा सोपी आहे. आधी कोमट पाण्याखाली धरायचा, म्हणजे वाळू वाहून जाते. मग भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, बोटांनी हलकेच, आणि धुवून मायक्रोफायबरने टिपायचा. ते कापडही धुवावं लागतं, हे बहुतेकांना सुचत नाही.

आता पैशांकडे वळू.

फ्रेम धड असेल तर पूर्ण चष्मा घ्यायची गरजच नाही. जुन्या फ्रेममध्ये नवी भिंगं बसवून मिळतात. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही, कारण त्याचा नफा बऱ्याचदा फ्रेममध्ये असतो. प्लास्टिकची फार जुनी फ्रेम ठिसूळ होते आणि भिंग बसवताना तुटू शकते. ती जोखीम ग्राहकाची, हे आधी बोलून घ्यावं.

फ्रेमचे भाव चढे का, याचं एक उत्तर काडीवर छापलेल्या नावात आहे. अनेक फॅशन कंपन्या चष्मे स्वतः बनवत नाहीत. त्यांचं नाव परवान्यावर घेऊन मोजक्या मोठ्या कंपन्या ते बनवतात. २०१८ मध्ये भिंगं बनवणारी फ्रेंच एसिलोर आणि फ्रेम बनवणारी इटालियन लक्झोटिका एक झाल्या. गॉगलसाठी प्रसिद्ध असलेलं रे-बॅन हे नाव १९९९ पासूनच लक्झोटिकाकडे होतं. नावाची हौस असेल तर जरूर पुरवावी, पण त्या नावामुळे दिसतं तेवढंच, आणखी स्पष्ट नाही. दुसरं टोक बघा. मार्टिन आउफमुथ या जर्मन शिक्षकाने विजेशिवाय चालणारं, तार वाकवायचं एक साधं यंत्र बनवलं. त्यावर पोलादी तारेची फ्रेम होते, तिच्यात तयार पॉलिकार्बोनेट भिंगं बसतात, आणि सगळ्या कच्च्या मालाचा खर्च सुमारे एक डॉलर. २०१२ पासून त्याची संस्था हे चष्मे गरीब देशांत पोचवते आहे. हार्ड कोटसुद्धा त्यात धरलेला आहे.

(दृश्य : काउंटरवर पसरलेली भिंगांची यादी. बोट एकेका ओळीवर थांबतं.)

काउंटरवर यादी पुढे येते, तेव्हा काय घ्यायचं? हार्ड कोट हवाच. अँटी-ग्लेअर घ्यावं, रात्री गाडी चालवणाऱ्याने तर नक्कीच. पातळ हाय इंडेक्स भिंगाची गरज नंबर मोठा असेल तरच. दोन-अडीचच्या आत साधं भिंग पुरतं. मोठ्या मायनस नंबरालाही लहान, गोलसर फ्रेम निवडली की भिंगाची कड आपोआप पातळ होते, आणि त्याला जादा पैसे पडत नाहीत. निळ्या प्रकाशाची गाळणी मात्र यादीतून बिनधास्त खोडा. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या. स्क्रीनसमोर डोळे शिणण्यावर या भिंगांचा साध्या भिंगांपेक्षा अधिक उपयोग, निदान थोड्या काळात तरी, दिसला नाही.

चाळिशीनंतर फक्त वाचायला चष्मा लागत असेल, दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि सिलिंडर, म्हणजे तिरकसपणाचा वेगळा नंबर, नसेल, तर तयार मिळणारा स्वस्त चष्मा पुरेसा असतो. दोन-तीन घेऊन घरात जागोजागी ठेवले तरी चालतात. पण डोळ्यांची तपासणी त्यामुळे टळत नाही. काचबिंदू गाजावाजा न करता येतो आणि तयार चष्मा घेताना तो कोणी पाहत नाही.

ऑनलाइन मागवताना फसगत होते ती बहुधा एका आकड्यामुळे. दोन बुबुळांमधलं अंतर, म्हणजे पीडी. प्रौढांमध्ये ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसागणिक बदलतं. चार नंबरच्या भिंगात ते ५ मिलिमीटरने चुकलं, तर डोळ्यांवर २ प्रिझमचा (उजेड किती वळतो याचं हे माप) नको असलेला ताण येतो. डोकं जड होतं आणि दोष नंबराला दिला जातो. म्हणून तपासणीच्या वेळीच पीडी मोजून कागदावर लिहून घ्या. फ्रेमचं माप जुन्या चष्म्याच्या काडीच्या आतल्या बाजूला असतं : ५२, १८, १४०, असं काहीतरी. भिंगाची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. हेच आकडे नव्या फ्रेमला जुळले, तर ती न घालून बघताही बसते. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं आणि जवळचं एकाच भिंगातून दाखवणारी, भिंगं मात्र समोर बसून मापं देऊनच करून घ्यावीत. त्यांत बुबुळाची उंचीही लागते, आणि ती निवडलेली फ्रेम नाकावर असल्याशिवाय मोजता येत नाही.

नवा चष्मा हातात आला की पहिले काही दिवस जमीन थोडी वर-खाली वाटू शकते. आठवडा-दोन आठवडे उलटूनही डोकं दुखत असेल, तर ‘सवय होईल हो’ एवढ्या उत्तरावर परत येऊ नका. नंबरचा कागद पुढे करा, आणि भिंग लेन्सोमीटरवर, म्हणजे भिंग मोजायच्या यंत्रावर, ठेवून नंबर, सिलिंडरचा कोन आणि मध्यबिंदू तुमच्यासमोर मोजून दाखवायला सांगा.