हिप्परग्याचा तलाव राखायचा तो वरच्या शिवारात

मंडळी, सोलापुरात तलावाचा विषय निघाला की बोलणं लगेच काठावर येतं: जलपर्णी, निर्माल्य, विसर्जन. सिद्धेश्वर आणि कंबर तलावांपुरतं ते बरोबर आहे. त्यांच्या भोवती शहरच आहे, तिथं पहिलं काम म्हणजे तलावात उतरणारं सांडपाणी ड्रेनेजला जोडणं. हिप्परग्याचा, म्हणजे एकरुखचा तलाव मात्र वेगळा. 1871 साली आदिला नदी अडवून झालेल्या या तलावात पाणी येतं ते तुळजापूरच्या अंगाच्या शिवारांतून, आणि त्याची तब्येत तिथंच ठरते.

आपला पट्टा रब्बीचा. मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची म्हणून भारी रान जूनपासून कुळवून मोकळं ठेवतात, आणि आपल्याकडचा जोराचा पाऊस येतो नेमका सप्टेंबरात. उघड्या काळ्या मातीवर थेंब आपटला की ढेकूळ विरघळतं, बारीक कण छिद्रांत बसतात, वरचा थर लिंपल्यासारखा बंद होतो. मग पाणी मुरत नाही, पळतं. एका हेक्टरावरून 1 मिलिमीटर माती गेली तर बांधावर उभ्या माणसाला काही कळतसुद्धा नाही; पण ती होते 10 घनमीटर, म्हणजे साडेतीन ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट).

यावर सगळ्यात स्वस्त उपाय बंदिस्त वाफ्यांचा. जुलैत सारा यंत्रानं किंवा बळीराम नांगरानं उभे-आडवे वरंबे टाकायचे, उंची साधारण 20 सेंटिमीटर. रान जितकं उताराचं, तितका वाफा लहान. चूक होते ती कोपऱ्यांत: आडवा वरंबा उभ्याला नीट भिडत नाही, एक वाफा फुटतो आणि खालचे सगळे ओळीनं फुटत जातात. कोपरे फावड्यानं हातानंच जोडावे लागतात, यंत्रावर सोडून चालत नाही.

मुरमाड माळाला सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीत खणलेला लांब खड्डा. 60 सेंटिमीटर रुंद, 30 खोल घेतला तर मीटरमागं 180 लिटर पाणी धरतो. आखणी ए-फ्रेमनं (ओळंबा टांगलेली A आकाराची चौकट) किंवा पाण्याच्या नळीनं करायची, नजरेच्या अंदाजानं मुळीच नाही. चर थोडा जरी कलला तर सगळं पाणी एका टोकाला जमतं, भराव फोडतं आणि माळावर नवी घळ पडते. त्यापेक्षा चर नसलेला परवडला. निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला, चराच्या काठापासून फूटभर जागा सोडून टाका, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात. खोल काळ्या रानात चर काढू नका. ती माती भेगाळते, कडा ढासळतात.

ओघळीत अनघड दगडी बांध. मधला भाग कडांपेक्षा खाली ठेवायचा, म्हणजे पाणी मधून सांडतं. माथा सपाट केला की पाणी बाजूचा काठ कापून वळसा घालतं आणि दगड नुसता शोभेला उरतो. वरच्या बांधाचा पाया आणि खालच्याचा माथा एका पातळीत आला की दोघांतलं अंतर बरोबर.

मातीबरोबर स्फुरदही (खतातला फॉस्फरस) जातो, आणि गढूळपणापेक्षा मला त्याची धास्ती जास्त वाटते. स्फुरद चिकणमातीच्या कणाला धरून तलावात उतरतो आणि तळाशी बसतो. उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपला की लोहाशी बांधलेला स्फुरद सुटतो, शेवाळाला आयतं खत मिळतं. म्हणून वरून येणं थांबलं तरी पाणी पुढं काही वर्षं हिरवंच राहतं, आणि लोक म्हणतात, "उपाय फसला." खत फेकून न देता दोन चाड्यांच्या पाभरीनं (बी आणि खत वेगवेगळं सोडणारं पेरणीचं अवजार) बियाण्याच्या खाली पेरलं तर हा स्फुरद रानातच राहतो. पिकालाही तेच हवं असतं.

राहिला गाळ. उन्हाळ्यात तो काढून शेतात नेणं चांगलंच, पण गाळ संपून मुरूम लागला की पोकलेन थांबवायचं. मूळ तळ खरवडला तर पाणी झिरपायला लागतं. धरणाच्या भिंतीजवळ तर खोदायचंच नाही. एकरभर रानावर 5 सेंटिमीटर थर द्यायला सुमारे 70 ब्रास गाळ लागतो, तेव्हा डंपरच्या खेपांचा हिशोब आधी करा. हा गाळ हलक्या, मुरमाड रानाचा. आधीच भारी काळ्या जमिनीत टाकला तर निचरा आणखी मंदावतो आणि सप्टेंबरात वाफसा (पेरणीजोगी ओल) येईपर्यंत पेरणीची वेळ निघून जाते.