काठावरची वीज, गोड्या पाण्यातली बोट

मंडळी, तापोळ्याहून, बामणोलीहून इतके बोटवाले आज साताऱ्यात आलेत, तर आधी एक गोष्ट मोकळेपणानं सांगून टाकतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना काठावरून वीज घ्यायची गरजच नाही. पेट्रोलचं आउटबोर्ड इंजिन, एक बारा व्होल्टची बॅटरी आणि दोन दिवे एवढाच संसार असेल, तर संध्याकाळी बॅटरी काढा, घरी चार्जिंगला लावा आणि निवांत झोपा. मी बोलतोय ते बॅटरीवर चालणारी बोट घ्यायच्या विचारात असलेल्यांशी, बोटीवर पाहुण्यांचा मुक्काम करायचं मनात असलेल्यांशी आणि लोखंडी बार्जवाल्यांशी.

या सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, सोळाचा पॉइंट घेऊ का बत्तिसाचा?" हिशेब साधा आहे. २३० व्होल्टला १६ अँपिअर म्हणजे ३.६८ किलोवॅट, ३२ अँपिअर म्हणजे ७.३६. पण चार्जर तासन्‌तास सलग वीज ओढतो, म्हणून सोळाच्या पॉइंटवर तेराच्या वर जाऊ नये. म्हणजे हातात तीन किलोवॅट राहिले. दीड किलोवॅटचा चार्जर आणि एक टनाचा एसी त्यात बसतो. वर कुणी दोन किलोवॅटचा गीझर लावला की गेला ट्रिप. माझं मत विचाराल तर बत्तिसाच्या मागे लागण्याआधी गीझरचा हट्ट सोडा.

पॉइंट कुठलाही घ्या, घरातला तीन पिनांचा सॉकेट काठावर लावू नका. निळा, गोल, झाकणाचा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट मिळतो, तो घ्या. त्याची अर्थची पिन इतर दोघींपेक्षा जाड असते, त्यामुळे उलटा बसतच नाही. आणि एक्स्टेन्शन बोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवायची जी पद्धत आहे, ती आजपासून बंद.

आता केबल. परदेशातल्या मरिनात, म्हणजे बोटी लावायच्या बंदरात, तरंगता धक्का पाण्याबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे तिथं बोटीपासून विजेचा खांब कायम हाताशी. आपला कोयनेचा शिवसागर जलाशय तसा नाही. १०५.२५ टीएमसीचं हे धरण ऑगस्टअखेर भरलेलं असतं तेव्हा बोट रस्त्याच्या कडेला लागते, आणि मे महिन्यात तीच बोट खाली गाळात कुठंतरी. पॉइंट मात्र वरच राहतो. पन्नास मीटर केबल सोडली आणि ती दीड चौरस मिलिमीटरची असली, तर तेरा अँपिअरला पंधरा-सोळा व्होल्ट वाटेतच जातात. संध्याकाळी गावात आधीच व्होल्टेज पडलेलं असतं, ते तुम्हाला माहीत आहे. एवढ्या अंतराला तांब्याची चार चौरस मिलिमीटरची केबल घ्या, नुकसान सहा व्होल्टांवर येतं. उरलेली केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून चार्जिंग करू नका. वेटोळ्यांमधली उष्णता बाहेर पडत नाही, आवरण मऊ होतं.

पण अँपिअर आणि केबल या दोन गोष्टी चुकल्या तर फ्यूज जातो, फार तर चार्जर जातो. तिसरी, म्हणजे पाण्यात गळणाऱ्या विजेपासूनचं संरक्षण, चुकली तर माणूस जातो, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. समुद्राचं खारं पाणी माणसाच्या शरीरापेक्षा विजेला जास्त सोपी वाट देतं, त्यामुळे गळणारी वीज पोहणाऱ्याच्या आजूबाजूनं बरीचशी निघून जाते. कोयनेचं पाणी गोडं. त्यापेक्षा शरीरच वीज चांगली वाहून नेतं, म्हणजे वीज अंगातूनच वाट काढणार. अवघ्या दहा-वीस मिलिअँपिअरला हातपाय आखडतात, पट्टीचा पोहणारासुद्धा हलू शकत नाही. अंगावर भाजल्याची खूण नसते, आणि लोक म्हणतात बुडाला.

तुमच्या बोर्डातला सोळाचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट ओढला की पडणारा स्विच, इथं काही कामाचा नाही. तो सोळा अँपिअरच्या वर गेल्यावर जागा होतो, माणसाला मारायला त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो. म्हणून वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, हवाच, आणि तो काठावरच्या पेटीत हवा. बोटीत बसवला तर वाटेतली पाण्यात पडलेली केबल त्याच्या राखणीबाहेर राहते. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. केबल बोटीला लागलेली असताना आसपास कुणाला पोहू देऊ नका. आणि कुणी आखडलेला दिसलाच, तर उडी मारू नका. आधी काठावरचा स्विच पाडा.

राहिले बार्जवाले. अर्थची वायर जोडली की तुमचं लोखंड आणि शेजारच्या बोटीचं ॲल्युमिनियम त्या वायरीतून एकमेकांना जोडलं जातं आणि पाण्याखाली एकाचा धातू झिजू लागतो. ते बघून काही कारागीर अर्थची वायरच कापतात. झीज थांबते, पण मग बिघाड झाला की अख्ख्या सांगाड्यात वीज उतरते. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाची डायोडची पेटी अर्थच्या वायरीत बसवता येते. ती झिजवणारा सव्वा व्होल्टापर्यंतचा डीसी अडवते आणि बिघाडाचा करंट जाऊ देते. त्याहून चांगला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, त्यात काठाचा आणि बोटीचा धातू जोडलाच जात नाही. तो महाग आणि जड असतो. बार्जला ते वजन जाणवणारही नाही, तेव्हा तिथं तोच बसवा. फायबरच्या लहान बोटीचं काम आयसोलेटरवर भागतं.