धुऱ्यावरची रेंज

(दृश्य : ढगाळ सकाळ. पऱ्हाटीच्या तासांतून चालणारे चिखलाचे पाय. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल.)

यवतमाळ जिल्हा, पांढरकवड्याची बाजू. डांबरी रस्ता सुटल्यावर पांदणीनं दीड-दोन किलोमीटर आत आलं की हे वावर लागतं. ऑगस्ट सुरू आहे. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पाती धरली आहे. झड उघडून दोन दिवस झाले, तरी काळ्या मातीचा गारा पाय सोडत नाही. मावशी आज निंदायला आलेली नाही. आपल्या पिकाचा फोटो काढायला आली आहे.

(दृश्य : धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मावशी आणि शेजारचा पोरगा, दोघांची मान मोबाईलवर.)

वावर मावशीच्या नावावर, मोबाईल मुलाचा जुना. मुलगा पुण्याकडे कंपनीत कामाला आहे. संगती आलेला हा पोरगा बारावीत शिकतो. ई-पीक पाहणीचे, म्हणजे आपलं पीक मोबाईलच्या अ‍ॅपवरून सातबाऱ्यावर नोंदवायचे, दिवस आले की त्याच्या दारात पहाटेपासून हाका सुरू होतात.

आधी खाते क्रमांक निवडायचा. मग गट क्रमांक, मग हंगाम. मग क्षेत्र. मावशी सांगते, तीन एकर. मोबाईलला एकर चालत नाही, त्याला हेक्टर आणि आर लागतात.

"एकर विचार म्हणा न त्याले. आर काय असते?"

पोरगा बोटांवर हिशेब करतो. एकराला चाळीस आर धरले, तर तीन एकराचे एक हेक्टर वीस आर.

(दृश्य : तुरीच्या तासावरून फिरणारा कॅमेरा. पोरगा तास मोजत चालतो आहे.)

आता मिश्र पीक. कपाशीच्या आठ तासांमागे एक तास तुरीचं, विदर्भात अशी पेरणी होते. पेरताना मावशीनं तास मोजले होते. अ‍ॅपला तुरीचं क्षेत्र वेगळं हवं आहे. पोरगा या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत तास मोजत जातो आणि परत येतो. नववा हिस्सा तूर. तेरा आर तूर, एकशे सात आर कपाशी. हे गणित त्याला कुणी शिकवलेलं नाही.

मग फोटो. मावशी पऱ्हाटीसमोर मोबाईल धरते. तिच्या अंगठ्याला मागच्या हिवाळ्यातल्या वेचणीच्या भेगा आहेत, बोंडाच्या टोकांनी पडलेल्या. बटण दाबलेलं पडद्याला कळत नाही. ती अंगठा लुगड्याला पुसते, पुन्हा दाबते. या वेळी फोटो निघतो, पण खाली ओळ उमटते की तुम्ही या गटापासून दूर आहात. ती गटाच्या आत उभी आहे. तिच्या सासऱ्यानं हे वावर केलं, नवऱ्यानं केलं, आता ती करते. दोघं आणखी मधोमध जातात. तिसऱ्या फोटोला जागा जुळते.

(दृश्य : जुना सातबारा, पिवळा पडलेला. त्यावरच्या हाताच्या नोंदी.)

सातबारा म्हणजे दोन नमुने. गाव नमुना सात जमीन कुणाची ते सांगतो, बारा त्यात काय पेरलं ते. बाराची नोंद तलाठी करायचा. तो बांधावर येत नाही, बसल्या जागी पीक लिहितो, ही ओरड गावोगाव होती आणि ती खोटी नव्हती. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचं अ‍ॅप राज्यभर आलं. घोषवाक्य होतं, 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीक पेरा'. आपलं पीक आपण लिहायचं, हा विचार चांगलाच आहे. आम्हाला तो आजही पटतो. पण तलाठ्याचं काम शेतकऱ्याच्या हातात देताना त्या हातात कोणता मोबाईल आहे, त्याच्या वावरात रेंज येते का, हे कुणीतरी धुऱ्यावर येऊन पाहायला हवं होतं.

(दृश्य : आदली संध्याकाळ. ओसरी. चुलीचा धूर.)

काल संध्याकाळी अ‍ॅपनं नवी आवृत्ती मागितली. मोबाईलमध्ये जागा नव्हती. सकाळच्या शुभेच्छांचे फोटो पुसले, भजनं पुसली. तरी जागा कमी पडली. उरला एक मोठा व्हिडिओ, थोरल्या लेकीच्या हळदीचा.

"हे राहू दे नं, बाळा."

पोरगा थांबला. दुसरं काहीच उरलं नव्हतं. मावशीनं एकदा पूर्ण पाहून घेतला.

(दृश्य : मावशीचा चेहरा, पडद्याचा उजेड. निवेदन नाही.)

(दृश्य : हनुमानाच्या देवळाचा ओटा. पाच-सहा माणसं, हात वर, हातात मोबाईल.)

वावरात भरलेली माहिती मोबाईलमध्ये साठून राहते. ती वर पाठवायला रेंज लागते, आणि या गावात रेंज देवळाच्या ओट्यावर येते, तीही पूर्वेच्या कोपऱ्यात. एक काकाजी सांगतात, "दिवसा सर्वर चालतच नाई. रातच्याले बारानंतर होते." ते काल रात्री इथंच बसले होते.

ही नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि मग नुकसानभरपाई, पीककर्ज, हमीभावाची खरेदी, सगळीकडे अडतं. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेल्या गटांची पाहणी करायला सहायक असतात.

त्या सहायकाला मुदत संपायच्या आधीच आठ दिवस चावडीवर बसवा, एवढंच हे लोक मागतात. चांगला मोबाईल घेऊन बसू द्या, वावरात सोबत येऊ द्या. आणि अ‍ॅपला एकर समजू द्या.

(दृश्य : पडद्यावर फिरणारं गोल चक्र. बॅटरी नऊ टक्के.)

दुपारी सव्वादोनला चक्र थांबतं. माहिती गेली. पोरगा दोनदा तपासतो. मावशी मोबाईल पिशवीत घालते, पिशवीला गाठ मारते, ओट्याला टेकवलेला विळा उचलते.

तिचा दुसरा गट नाल्यापलीकडे आहे. नाल्याला अजून पाणी आहे.

(दृश्य : नाला. पलीकडची पऱ्हाटी.)